खोडरबरला सुट्टी

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

'निबंध' हा शब्द ऐकला की तुम्हाला काय आठवतं? बहुतेकांना आठवत असेल ते असं : 'माझी आई', 'पावसाळ्यातील एक दिवस', 'सूर्य उगवला नाही तर', 'मी पंतप्रधान झालो तर'. फळ्यावरून उतरवलेला किंवा गाईडमधून पाठ केलेला मजकूर. वही बाईंकडे जायची, लाल खुणा घेऊन परत यायची, आपण मार्क बघायचो आणि पान उलटायचो. त्या लाल खुणांचं पुढे काय करायचं असतं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

आता इंजिनिअरिंगला आलो तरी चित्र फारसं बदललेलं नाही. जर्नल 'लिहायचं' म्हणजे उतरवायचं. असाईनमेंट 'लिहायची' म्हणजे शेजारच्या रूममधून आणायची. सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये जे चालतं त्याला लेखन म्हणायचं की झेरॉक्स, हे तुम्हीच ठरवा! प्रोजेक्ट रिपोर्टची तर गोष्टच वेगळी. गाईड सरांनी "पुन्हा वाचून आणा" असं सांगितलं की आपण फॉन्ट बदलून आणतो.

तर सांगायचा मुद्दा असा की, आपण लिहिलेलं आपणच पुन्हा वाचायचं, त्यात काय राहिलंय, काय जास्त झालंय, कुठे घोळ आहे ते आपणच शोधायचं आणि आपणच सुधारायचं, ही गोष्ट पहिलीपासून पदवीपर्यंत आपल्याला कुणी शिकवतच नाही. मीही ती शिकलो नव्हतो. गेलं दीड वर्ष राष्ट्रीय सेवा योजनेतून आम्ही चौघेजण दर रविवारी उल्हासनगर कॅम्प २ मधल्या एका मराठी शाळेच्या सहावी-सातवीच्या मुलांबरोबर बसतोय. शिकवायला गेलो होतो गणित आणि विज्ञान. शिकवत बसलो निबंध तपासायला. त्याचीच ही हकिकत.

कॅम्प म्हणजे काय रे भाऊ?

विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या माझ्यासारख्यांना 'कॅम्प' म्हटलं की एन.एस.एस.चा नाहीतर पुण्याचा कॅम्प आठवतो. उल्हासनगरचे कॅम्प वेगळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी एक मोठी छावणी उभारली होती, तिला कल्याण कॅम्प म्हणत. १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या छावणीतल्या रिकाम्या बराकींमध्ये जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. छावणी गेली, पण १ ते ५ हे कॅम्पचे नंबर तसेच राहिले. आजही पत्ता सांगताना माणसं बराकीचा नंबर सांगतात.

२०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती. विठ्ठलवाडी आणि अंबरनाथच्या मधल्या स्टेशनवर उतरलं, शेअर रिक्षा पकडली आणि नेहरू चौकाकडे निघालं की दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं. जपानी बाजारातल्या कपड्यांच्या दुकानांपुढून रविवारी चालायला जागा नसते. कानावर एका मिनिटात सिंधी, हिंदी, मराठी तिन्ही पडतात. दुकानाच्या पाटीवर देवनागरी, रोमन आणि कुठे कुठे सिंधीची अरबी वळणाची लिपीही दिसते.

आमची मुलं या गर्दीच्या मागच्या गल्ल्यांमधली. कुणाचे वडील खानदेशातून आलेले, कुणाची आई मराठवाड्याची, कुणाचं आजोळ कोकणात. कुणी हमाली करतं, कुणी फर्निचरच्या दुकानात पॉलिशचं काम, कुणी रिक्षा चालवतं. घरी एक बोली, गल्लीत हिंदी, दुकानात सेठशी आणखी तिसरंच, आणि शाळेच्या पुस्तकात 'प्रमाण मराठी'. म्हणजे लिहायला बसलं की पोराच्या डोक्यात चार भाषांचं ट्रॅफिक जाम!

(मुलांची नावं या लेखात मुद्दाम देत नाही. त्यांना विचारलं होतं. "दादा, नाव नको, पण सातवी ब लिहा," असा निरोप आहे. तो पोचवला.)

"दादा, चेक केलं!"

पहिल्या रविवारी विषय दिला, 'माझी आई'. लगेच तीन-चार हात वर. "दादा, मुद्दे द्या ना." "सुरुवात काय करायची?" मुद्दे दिले नाहीत. तरीही अर्ध्या तासात अठ्ठावीस निबंध आले आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आया पहाटे पाचला उठून सडा-रांगोळी करत होत्या! वास्तविक ज्या गल्लीत ही मुलं राहतात तिथे दाराबाहेर पाऊल टाकलं की समोरच्याचं दार. सडा घालायला अंगणच नाही. मग ही रांगोळी आली कुठून? गाईडमधून.

आता म्हटलं, "आपापला निबंध तपासा आणि सुधारा." सगळ्यांनी कंपास उघडली, खोडरबर काढला आणि घासायला सुरुवात. दहा मिनिटांनी "दादा, चेक केलं!" बघतो तर काय, अक्षर थोडं सुधारलेलं, दोन-चार वेलांट्या बदललेल्या (त्यातल्या एक-दोन बरोबरच्या चुकीच्या झालेल्या), आणि मजकूर शब्दाला शब्द तोच. एका पोराने तर अख्खा निबंध दुसऱ्या पानावर सुंदर अक्षरात पुन्हा लिहून काढला आणि पहिलं पान फाडून टाकलं. त्याच्या दृष्टीने सुधारणा म्हणजे सुवाच्य अक्षर.

ही काही कॅम्प २ च्या पोरांची खोड नाही बरं का. अमेरिकेत नॅन्सी सॉमर्स नावाच्या बाईंनी १९८० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. कॉलेजातले विद्यार्थी आणि मुरलेले लेखक आपापलं लेखन कसं सुधारतात, याची तुलना. विद्यार्थ्यांच्या मते सुधारणं म्हणजे शब्द बदलणं. मुरलेले लेखक मात्र आधी विचारतात, मला नेमकं म्हणायचंय काय, आणि ते या मांडणीतून पोचतंय का? गरज पडली तर ते परिच्छेदच्या परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवतात. म्हणजे तिकडची कॉलेजची पोरं आणि आमची सातवी ब एकाच बाकावर!

आपल्या भाषेत सांगायचं तर सिंटॅक्स एरर आणि लॉजिकल एरर यांतला हा फरक आहे. सेमिकोलन विसरला तर कंपायलर ओरडतो. पण प्रोग्रॅम व्यवस्थित चालून उत्तरच चुकीचं देत असेल तर कंपायलर गप्प बसतो. ती चूक शोधायला माणूसच लागतो. शाळेत आपल्याला फक्त कंपायलर भेटतो, लाल पेनवाला. त्यामुळे वेलांटी दुरुस्त झाली की प्रोग्रॅम बरोबर आहे असं आपण धरून चालतो.

हरताळ आणि कावळ्याचा पाय

म्हणून पहिला नियम केला : रविवारी खोडरबर आणायचा नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द दिसला पाहिजे. एक ओळ सोडून लिहायचं आणि उजवं पान कोरं ठेवायचं. नवीन काही सुचलं तर ते कोऱ्या पानावर, आणि ते कुठे घालायचं ते खुणेने दाखवायचं.

मुलांना हे फार घाण वाटलं. "दादा, वही खराब होते." मग त्यांना जुन्या पोथ्यांची गोष्ट सांगितली. पूर्वी हाताने पोथ्या लिहायचे तेव्हा चुकलेल्या अक्षरांवर हरताळ नावाचं पिवळं खनिज लावून ती झाकत. आपण 'नियमांना हरताळ फासला' म्हणतो ना, तो हाच हरताळ! म्हणजे व्हाइटनरचा पणजोबा. आणि लिहिताना एखादं अक्षर राहून गेलं तर तिथे कावळ्याच्या पायासारखी खूण करून ते समासात लिहीत. त्या खुणेला नावच काकपद. पोरांना हे काकपद इतकं आवडलं की गरज नसतानाही वहीभर कावळे नाचून गेले!

आणखी एक गोष्ट सांगितली, ती एकनाथांची. ज्ञानेश्वरीच्या नकला होत होत तिच्यात पाठभेद शिरले होते. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती पडताळून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. एवढे मोठे कवी, पण स्वतःची ओवी त्यात मिसळू दिली नाही. दुसऱ्याचं लेखन तपासताना आपलं घुसडायचं नाही, हा धडा आम्ही तिथून घेतला. कारण पुढे मुलं एकमेकांच्या वह्या तपासणार होती.

चार फेऱ्या

दोन-तीन महिने वेगवेगळे प्रकार करून पाहिल्यावर एक पद्धत बसली. एका निबंधाला चार रविवार, आणि दर रविवारी एकच काम.

पहिली फेरी : हे खरं आहे का? जोडीदाराने निबंध वाचायचा आणि फक्त दोन खुणा करायच्या. जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, जिथे आणखी ऐकावंसं वाटलं तिथे चांदणी. 'छान' म्हणायला बंदी आणि 'बेकार' म्हणायलाही बंदी. शुद्धलेखनाला तर हातच लावायचा नाही. गंमत म्हणजे चांदण्या नेमक्या गाईडबाहेरच्या वाक्यांवर पडायच्या. "माझे बाबा खूप कष्टाळू आहेत" यावर काही नाही, पण "बाबांच्या हाताला पॉलिशचा वास येतो" यावर दोन चांदण्या!

दुसरी फेरी : क्रम. निबंध वेगळ्या कागदावर उतरवायचा, कात्रीने वाक्यांच्या पट्ट्या करायच्या आणि बाकावर मांडायच्या. आता हलवा इकडून तिकडे. गोल मैदानावरच्या एका क्रिकेट मॅचवर लिहिणाऱ्या पोराने पहिल्याच वाक्यात "आम्ही जिंकलो" लिहून टाकलं होतं. पट्ट्या हलवता हलवता ते वाक्य त्याने शेवटी नेलं आणि स्वतःच ओरडला, "दादा, आता टेन्शन येतंय!" त्याला 'उत्कंठा' हा शब्द माहीत नव्हता, पण ती कशी आणायची ते कळलं. कट-पेस्ट म्हणतात ते हेच. फरक एवढाच की इथे खरोखरची कात्री आणि खरोखरचा डिंक.

तिसरी फेरी : मोठ्याने वाचणं. याचं कारण सोपं आहे. स्वतःचं लिहिलेलं आपण डोळ्यांनी वाचतच नाही, आठवणीने वाचतो. कागदावर शब्द नसला तरी डोकं तो भरून घेतं. म्हणून शब्दावर बोट ठेवून, जे आहे तेच, आवाज काढून वाचायचं. त्याहून चांगलं म्हणजे आपला निबंध जोडीदाराने वाचायचा आणि आपण ऐकायचा. तो जिथे अडखळला तिथे वाक्यात खडा आहे. एका पोराने अशा वाचनात आपल्या निबंधातले 'मग' मोजले. सतरा निघाले! "मग आम्ही गेलो. मग पाऊस आला. मग आम्ही भिजलो." बारा उडवले, पाच ठेवले. का ठेवले विचारलं तर म्हणतो, "एवढे लागतात दादा, नाहीतर श्वास कुठे घेणार?"

चौथी फेरी : शुद्धलेखन. शेवटी! आधी नाही. कारण सरळ आहे. जे वाक्य पुढच्या रविवारी उडणार आहे त्याच्या वेलांट्या सुधारण्यात काय अर्थ? शिवाय एकदा वाक्य शुद्ध करून देखणं झालं की मुलांना ते काढवत नाही.

शुद्धलेखनाचा बाऊ तर आपण सगळेच करतो. पण मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेले आणि शासनाने मान्य केलेले नियम आहेत किती? १९६२ साली चौदा झाले, १९७२ साली चार वाढले, एकूण अठरा. आपल्या एका व्हायव्हाला याहून जास्त व्याख्या पाठ कराव्या लागतात. मुलांसाठी आम्ही त्यातले तीनच घेतले. एक, शब्दाच्या शेवटी येणारा इ-उ दीर्घ : पाटी, जादू, कवी, गुरू ('आणि', 'परंतु' यांसारखे मोजके शब्द सोडून). दोन, शेवटच्या अक्षरात अ असेल तर त्याच्या आधीचा इ-उ मराठी शब्दांत दीर्घ : खीर, फूल, गरीब. तीन, अशा शब्दाला शेपूट लागलं की तो दीर्घ आखडतो : फूल पण फुलाला, खीर पण खिरीत, गरीब पण गरिबाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आखडत नाहीत, म्हणून 'शरीर' चं 'शरीराला' च राहतं. 'शेपटाचा नियम' असं त्याचं नाव पडलं आणि तो सगळ्यांच्या लक्षात राहिला.

याबरोबर प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर 'माझ्या चुका' अशी यादी. फक्त पाच. सगळ्या चुका एकदम शोधायच्या नाहीत, आपल्या नेहमीच्या पाचच शोधायच्या. एखादी चुकायची बंद झाली की ती खोडायची आणि नवी भरती करायची. बरोबर आपल्या बग लिस्टसारखं.

एका रविवारी सगळ्यांना घेऊन नेहरू चौकापासून पाट्या वाचत निघालो. पाट्यांवरच्या चुका शोधताना पोरांचे डोळे ससाण्यासारखे चालले. "दादा, ही वेलांटी बघा!" "दादा, तिथे अनुस्वार नाही!" परत आल्यावर त्याच डोळ्यांनी स्वतःची वही बघायला सांगितलं. थोडा वेळ सगळे गप्प, मग पेन्सिली चालायला लागल्या.

धागे

आता ज्या निबंधासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

सातवीतल्या एका मुलीचा 'माझी आई'. पहिल्या खर्ड्यात नेहमीची सडा-रांगोळी. पहिल्या फेरीत तिच्या जोडीदारणीने, जी तिच्याच गल्लीत राहते, रांगोळीवर मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि विचारलं, "तुझी आई रांगोळी कधी काढते गं? ती तर धागे कापते." उल्हासनगरचा जीन्सचा धंदा तुम्हाला माहीतच असेल. शिवून झालेल्या पँटींना जे सुटे धागे लोंबत असतात ते कापायचं काम घरोघरी बायका करतात. 'धागा कटिंग' म्हणतात. नगावर पैसे.

मुलगी म्हणाली, "ते निबंधात लिहायचं असतं का?"

हा प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. सात वर्षं मराठी शिकून या मुलीच्या मनात पक्कं बसलं होतं की निबंधातली आई एक आणि घरातली आई दुसरी. घरातली आई लिहिण्यासारखी नसते.

दुसऱ्या खर्ड्यात रांगोळी गेली आणि धागे आले. रात्री जीन्सचा ढीग घरात आला की झोपायला जागा कशी कमी होते, आई बोलता बोलता न बघता कात्री कशी चालवते, निळा रंग आईच्या बोटांना कसा लागतो आणि पोळ्या लाटण्याआधी ती साबणाने हात दोनदा कशी धुते. पहिल्या खर्ड्यात अकरा ओळी होत्या, आता दोन पानं झाली. आम्ही सांगितलेलं असं त्यात एकही वाक्य नव्हतं. जोडीदारणीने फक्त चांदण्या काढल्या होत्या आणि ही त्या प्रत्येक चांदणीला उत्तर देत गेली.

शेवटाकडे एक वाक्य होतं. मुलगी मदतीला बसते तेव्हा आई म्हणते, "तू अभ्यास कर, धागे मी कापायले ना!"

चौथ्या फेरीत आमच्यातल्याच एका मित्राने पेन्सिलने तिथे सुचवलं, 'मी कापत आहे ना'. मुलीने वाचलं आणि मान हलवली. "आई असं बोलतच नाही."

वाचकहो, मी लातूर जिल्ह्यातला. 'कापायले', 'करायलाव', 'जायलाव' हे माझ्या घरचं बोलणं. पहिल्या वर्षाला होस्टेलला आलो तेव्हा मेसमध्ये "मी जेवायलाव" म्हटलं की टेबलभर हशा व्हायचा. आठ दिवसांत मी 'जेवतोय' म्हणायला शिकलो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी बोलणाऱ्या किती जणांनी आपल्या विंगमध्ये असंच केलं असेल, कोण जाणे. त्यामुळे त्या मुलीची ती हललेली मान माझ्यासाठी साधी नव्हती. मी जे वाक्य आठ दिवसांत सोडून दिलं होतं ते ती सोडायला तयार नव्हती.

आणि नियमही तिच्याच बाजूने आहे! शुद्धलेखनाच्या त्याच अठरा नियमांत सोय आहे की पात्राच्या तोंडी शब्द घालताना त्याच्या बोलण्यातल्या उच्चाराप्रमाणे लिहायला हरकत नाही. बाकी निवेदन प्रमाण भाषेत, आईचं बोलणं आईच्या भाषेत. 'कापायले' कायम राहिलं.

या बाबतीत आपल्याकडे फलटणला मोठं काम झालं आहे. मूळच्या अमेरिकेतल्या पण फलटणलाच स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी आधी फलटणच्या बोलण्यातल्या वेगवेगळ्या रूपांवर पीएच.डी. केली आणि १९८४ साली तिथे प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. मूल ज्या बोलीत विचार करतं तिला 'अशुद्ध' म्हणून हाकलायचं नाही, तिच्या आधारानेच लिहायला-वाचायला लावायचं आणि प्रमाण मराठीही नीट शिकवायची, हा त्या कामातला विचार. आम्ही करतोय ते त्यापुढे खारीच्या वाट्याएवढंही नाही, पण दिशा तीच आहे असं वाटतं.

मार्कांचं काय?

हे सगळं वाचून कुणालाही वाटेल, वा, छान झालं! पण शाळेतल्या मराठीच्या बाईंनी एक प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही रविवारी येता आणि जाता. वर्षाच्या शेवटी पेपर आहे. पाऊण पानाचा निबंध वीस मिनिटांत लिहायचा असतो. तिथे चार फेऱ्या कुठून आणणार? आणि परीक्षकाला धागे कापणारी आई चालेल का, की त्याला रांगोळीच हवी असेल?"

बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. पुढे दहावी आहे, त्यांना या मुलांना पास होताना बघायचं आहे. एका वर्गात पन्नासच्या वर मुलं, दुसऱ्या तुकडीचेही पेपर, त्यात शाळाबाह्य कामं. प्रत्येक वही चारदा बघायला त्यांच्याकडे वेळ कुठला? आम्ही चौघं अठ्ठावीस मुलांना पुरतो, बाई एकट्या शंभरांना. हा हिशोब विसरून शाळेला नावं ठेवणं सोपं आहे.

शेवटी तोडगा निघाला तो असा. वीस मिनिटांतली शेवटची चार मिनिटं राखून ठेवायची. पहिली दोन मिनिटं एकच प्रश्न : कुठलं वाक्य माझं नाही, ते ओळखून त्याच्या जागी माझं एक घालायचं. पुढची दोन मिनिटं आपल्या पाच चुकांची यादी. बाईंनी ते वर्गात सुरू केलं. मार्क एकदम वाढले असं मी म्हणणार नाही. काहींचे वाढले, काहींचे तेवढेच राहिले. दोन-तीन मुलं रविवारी यायचीच बंद झाली, कारण रविवारी दुकानात जास्त काम असतं. पण बाईंनी सांगितलेली एक गोष्ट ऐकून बरं वाटलं. मुलं आता वही दिल्यावर "किती मार्क?" च्या आधी विचारतात, "बाई, कुठे कळलं नाही?"

खोडलेली ओळ

वर्षअखेरीला सातवी ब चं हस्तलिखित काढायचं ठरलं. जुन्या शाळांमध्ये असायचं तसं, हाताने लिहिलेलं, चित्रं काढलेलं, सुतळीने बांधलेलं. धाग्यांचा निबंध त्यात पहिला असावा असं सगळ्यांचंच मत पडलं.

पक्की प्रत करायच्या आदल्या रविवारी ती मुलगी वही घेऊन आली. निबंधात वडिलांबद्दल एक ओळ होती. ती काय होती ते मी इथे सांगणार नाही. वाचणाऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर निबंधातली ती सगळ्यात जोरदार ओळ. जोडीदारणीने तिच्यावर तीन चांदण्या दिल्या होत्या. मुलीने त्या ओळीवर आडवी रेघ मारली होती.

मी विचारलं, "का गं? हे तर चांगलं होतं."

"हस्तलिखित घरी पण वाचतील ना, दादा. आई वाचेल. तिला कसं वाटेल?"

थोडं थांबून म्हणाली, "माझ्या वहीत राहू दे. खोडलंय पण दिसतंय ना खालून."

वर्षभर आम्ही मुलांना सांगत होतो की खरं लिहा, आणखी लिहा, चांदणी असेल तिथे थांबू नका. आणि या बारा-तेरा वर्षांच्या मुलीने आम्हाला दाखवून दिलं की संपादन म्हणजे फक्त चुका काढणं नाही. काय ठेवायचं आणि काय आपल्यापाशीच ठेवायचं, हे ठरवणं म्हणजेही संपादन. आणि ते ठरवायचा हक्क ज्याचं लेखन त्याचा. तपासणाऱ्याचा नाही, चांदण्या देणाऱ्याचा नाही, दादाचा तर नाहीच नाही. ती ओळ हस्तलिखितात गेली नाही. निबंध पहिल्या पानावरच लागला, आणि 'कापायले' सकट.

आणि आपण?

आता थोडं होस्टेलकडे. हल्ली मोबाईल आपले स्पेलिंग स्वतःच सुधारतो. रिपोर्ट तर चॅटजीपीटी दोन मिनिटांत लिहून देतो, तोही एका चुकीशिवाय. मग हे खोडणं-बिडणं कशाला, असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं एवढंच की त्यातून येणारी 'आई' ही बहुतेक वेळा सडा-रांगोळीवालीच असते. वेलांट्या बरोबर, व्याकरण बरोबर, आणि घर कुणाचंच नाही. "तुझी आई तर धागे कापते" असं विचारायला शेजारच्या बाकावरची मैत्रीणच लागते.

म्हणून दोन विनंत्या. पहिली, पुढच्या सबमिशनला फक्त एक प्रयोगाचा निष्कर्ष स्वतः लिहून पाहा. रूममेटला मोठ्याने वाचायला सांगा. तो कुठे अडखळला ते बघा. एवढं एकच. प्राध्यापक मंडळींनाही नम्र विनंती की एखाद्या जर्नलमध्ये खाडाखोड दिसली तर लगेच 'रिपीट' मारू नका. कदाचित त्या पोराने विचार केला असेल!

दुसरी विनंती जास्त महत्त्वाची. आमच्यातले दोघं या वर्षी पास आऊट होतायत. एन.एस.एस.चे वर्षाचे १२० तास तुम्हाला भरायचेच आहेत, मग रोपं लावतानाचे फोटो काढण्यापेक्षा इकडे या. अट काहीच नाही. मराठी चांगलं असलंच पाहिजे असं नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी काहीही चालेल, उलट हवंच आहे. फक्त रविवारी सकाळी उठायची तयारी ठेवा. नवी सातवी जूनमध्ये बसेल. येताना कात्री, डिंक आणि पेन्सिली आणा.

खोडरबर आणू नका.